कृतज्ञतेचे फायदे आहेत, पण जेवढे आहेत तेवढेच सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आरोग्याच्या पुरवणीत कृतज्ञतेवर लेख आला की मी तो अथपासून इतिपर्यंत वाचते आणि बहुतेक वेळा शेवटाकडे येता येता वैतागते. म्हणजे विषय नावडता आहे म्हणून नाही, उलट मी या गोष्टीच्या बाजूचीच आहे, आयुष्यभर वॉर्डात नर्स म्हणून काम केलंय आणि आभार मानणारा पेशंट आणि न मानणारा पेशंट यांच्यातला फरक मी जवळून बघितलाय. वैताग येतो तो हे सगळं फुगवून सांगतात त्याचा. सकाळी उठून पाच वेळा थँक्यू म्हणा, बीपी गेलं, शुगर गेली, डिप्रेशन गेलं, सांधेदुखी पण गेली. मग वाचणारा बिचारा आठवडाभर वही भरतो, बीपी जिथल्या तिथे, आणि मग तो म्हणतो हे सगळं थोतांड आहे. आणि काही जण तर त्याच्याही पुढे जातात, गोळ्याच बंद करून बघतात, असे लोक पुढे आमच्याकडे ॲडमिट होतात आणि त्यांना परत लाइनवर आणायला किती दिवस लागतात ते विचारू नका.

म्हणून हे पत्र. खरे फायदे आहेत, पण ते जेवढे आहेत तेवढेच सांगितले तर लोक जास्त टिकवून करतील असं माझं मत आहे.

सगळीकडे ज्याचा दाखला देतात तो प्रयोग २००३ सालचा, अमेरिकेतल्या रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या दोन मानसशास्त्रज्ञांचा. त्यांनी कॉलेजच्या मुलांचे तीन गट केले, एका गटाने आठवड्यातून एकदा ज्यांच्याबद्दल आभार वाटतात अशा पाचेक गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी लिहायच्या, तिसऱ्याने नुसतं काय घडलं ते. साधारण दहा आठवडे हे चाललं. आभारवाल्या गटाला आयुष्य एकूण बरं वाटायला लागलं, अंगदुखी डोकेदुखी वगैरे तक्रारी कमी झाल्या, आणि कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांचा व्यायामही जास्त झाला. इथपर्यंत सगळे लेख सांगतात. पण त्याच अभ्यासात पुढचे दोन प्रयोग आहेत ते कुणी सांगत नाही. दुसऱ्या प्रयोगात मुलांना रोज लिहायला लावलं, साधारण दोन आठवडे, तेव्हा मन प्रसन्न राहिलं, दुसऱ्याला मदत करायचं प्रमाण वाढलं, पण शरीराच्या तक्रारींत काही फरक पडला नाही. हे छापायला काय हरकत आहे? तिसरा प्रयोग मला सगळ्यात जवळचा वाटतो कारण तो पेशंटवर आहे, मज्जातंतू आणि स्नायूंचा जुनाट आजार असलेली मोठी माणसं, २१ दिवस. त्यांची झोप वाढली, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटायला लागलं आणि मुख्य म्हणजे त्यांच्या जोडीदारांनाही तो फरक दिसला. म्हणजे पेशंट नुसतं मला बरं वाटतंय म्हणत नव्हता, घरातल्या माणसालाही ते जाणवत होतं. आजार मात्र आहे तिथेच होता बरं का, तो वही लिहून जाणार नव्हताच.

झोपेचं मी जरा सविस्तर लिहिते कारण नाइट ड्युटी केलेल्या माणसाला झोप म्हणजे काय ते कळतं. रात्री दोन-अडीचला राउंड मारला की अर्धा वॉर्ड डोळे मिटून जागा असतो. मॉनिटरवर पल्स दिसते, माणूस झोपलाय की नाही ते लगेच कळतं, आणि जवळ जाऊन विचारलं की काय हो, दुखतंय का, तर म्हणतात नाही सिस्टर, विचार चालू आहेत. कसले विचार, तर मोठा भाऊ एकदाच येऊन गेला, बिल किती होईल, त्या डॉक्टरने आधीच सांगितलं असतं तर, ऑफिसातला तो माणूस माझी जागा घेईल. दिवसा हे सगळं असतंच पण रात्री त्याला अडवायला दुसरं काही नसतं ना. २००९ मध्ये इंग्लंडच्या ॲलेक्स वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं, ४०१ लोक, त्यातल्या बऱ्याच जणांना झोपेचा त्रास, आणि त्यांना दिसलं की कृतज्ञ स्वभावाच्या माणसांची झोप चांगली असते आणि त्यामागचं कारण झोपण्याआधी डोक्यात काय फिरतं हे आहे. चांगले विचार जास्त, चिंतेचे कमी, त्यामुळे झोप लवकर लागते, जास्त लागते आणि दिवसा मरगळ कमी. यात जादू काही नाही. डोक्यात जागा तेवढीच आहे, तिथे आधी कोण येऊन बसतं एवढाच प्रश्न.

मी स्वतः काही पेशंटना दिवा बंद करायच्या आधी विचारायचे, आज दिवसभरात कुणाचं काय बरं वाटलं? एका आजोबांचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, स्वभाव असा तापट की नवीन सिस्टर त्यांच्या खाटेजवळ जायला घाबरायच्या, ते म्हणाले कुणाचंच नाही. मी म्हटलं ठीक आहे, उद्या विचारते. दुसऱ्या रात्री म्हणाले, तो एक्स-रेवाला पोरगा, पाय उचलताना आधी स्वतःचे हात चोळून गरम केले त्याने. मला हे इतकं आवडलं! एवढी बारीक गोष्ट या तापट माणसाने टिपली होती. त्यानंतर ते रोज माझी वाट बघायचे सांगायला, कधी कधी तर दिवसभर शोधूनच ठेवायचे, आणि शिव्या द्यायचं काही थांबलं नाही पण निदान झोपायचे तरी.

आता हृदयाचं. यावर तर फॉरवर्डचा पूर आहे. जे खरं आहे ते एवढंच की २०१५ मध्ये सॅन डिएगोच्या पॉल मिल्स आणि त्यांच्या टीमने १८६ हृदयरुग्णांचा अभ्यास केला, हृदय कमकुवत झालेलं पण लक्षणं अजून न दिसणारे पेशंट, त्यात ज्यांची कृतज्ञता जास्त त्यांचा मूड चांगला, झोप चांगली, थकवा कमी आणि रक्तातल्या सूज दाखवणाऱ्या घटकांचं प्रमाणही कमी. पण हा नुसता संबंध झाला, कशामुळे काय झालं ते यातून कळत नाही, ज्याला बरं वाटतं तोच आभार मानणार हेही शक्य आहे. म्हणून पुढच्याच वर्षी ७० पेशंटवर छोटा प्रयोग झाला, निम्म्यांना आठ आठवडे आभाराची वही लिहायला दिली, उरलेल्यांना फक्त नेहमीची ट्रीटमेंट, आणि वहीवाल्यांत सूज दाखवणारे घटक कमी झाले, वही लिहिताना हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतारही वाढलेला दिसला, आणि तो वाढणं ही शरीर ताणातून सैल व्हायची चांगली खूण असते. पण औषधं दोन्ही गटांची चालू होती! हे वाक्य मोठ्या अक्षरात छापा अशी माझी विनंती आहे. कृतज्ञता गोळीच्या जोडीला आहे, गोळीच्या ऐवजी नाही.

आणि २०२४ चा एक अभ्यास सांगितल्याशिवाय राहवत नाही कारण तो आमच्याच बिरादरीवर आहे. अमेरिकेत १९७६ पासून नर्सेसच्या तब्येतीचा एक मोठा अभ्यास चालू आहे, त्यातल्या ४९,२७५ वयस्क नर्सेस, सरासरी वय ७९, त्यांना २०१६ मध्ये कृतज्ञतेचे सहा प्रश्न विचारले आणि २०१९ च्या अखेरपर्यंत बघितलं की कोण आहे कोण गेलं. सगळ्यात जास्त कृतज्ञ असलेल्या गटात मृत्यूचा धोका सगळ्यात कमी कृतज्ञ गटापेक्षा ९ टक्के कमी निघाला, आणि हे आधीची तब्येत, पैसा, मनाची अवस्था, लोकांत मिसळणं वगैरे सगळं हिशेबात धरल्यानंतर. ९ टक्के. कुणी म्हणेल एवढंच? मी म्हणते एवढं का होईना, फुकट आहे, साइड इफेक्ट नाही, आणि ७९ व्या वर्षी ९ टक्के म्हणजे काही थट्टा नाही. पण ९ आहे तर ९ च सांगा, आयुष्य वाढवणारं रामबाण औषध असं हेडिंग कशाला.

डिप्रेशनचं तर फारच जपून लिहायला हवं. २०२१ मध्ये २७ अभ्यास एकत्र करून बघितले, मिळून ३,६७५ लोक, आणि निष्कर्ष असा की कृतज्ञतेच्या व्यायामाने उदासी आणि चिंतेवर थोडासाच फरक पडतो, तेवढ्यावर उपचार म्हणून अवलंबून राहू नका. २०१६ च्या अशाच एका मोठ्या आढाव्यातही दिसलं की मनासाठी दुसरं काही चांगलं काम दिलं तर त्याचाही फायदा जवळपास तेवढाच होतो. तेव्हा ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही, त्याच्या हातात वही देऊन पाठ फिरवू नका, त्याला डॉक्टरकडे न्या. असा पेशंट वही घेऊन बसला आणि त्याला एकही ओळ सुचली नाही की वर आणखी एक अपराधी भाव येतो, बघा मला तर साधे आभारही वाटत नाहीत, मी किती वाईट माणूस. हे मी ऐकलंय, एकदा नाही, बऱ्याचदा.

मग कुणाला विचारलं की बाई नेमकं करायचं काय, तर माझ्या अनुभवात आणि या अभ्यासांत एक गोष्ट जुळते, ती म्हणजे मोघम लिहिलं की काही उपयोग नाही. घर आहे, माणसं आहेत, तब्येत आहे, देवाची कृपा आहे, असं रोज लिहिलं की चौथ्या दिवशी हात लिहितो आणि डोकं दुसरीकडे. एमन्स म्हणतात की कृतज्ञतेत दोन गोष्टी येतात, एक म्हणजे चांगलं काहीतरी मिळालं हे मान्य करणं आणि दुसरी म्हणजे ते निदान थोडंफार आपल्याबाहेरून आलं हे ओळखणं. दुसरा भाग लोक विसरतात. तो एक्स-रेवाला पोरगा हात चोळतोय हे दिसलं की त्यात माणूस येतो, त्याने ते करायची काही गरज नव्हती हे येतं, मग कुठे आत काहीतरी हलतं.

आणि रोज करायलाच पाहिजे असंही नाही! सोनिया ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं, कारण प्रत्येक चांगल्या गोष्टीची माणसं होमवर्क करून टाकतात. त्याच वर्षी मार्टिन सेलिगमन यांच्या टीमने इंटरनेटवरून प्रयोग केला, एका गटाने आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली तेही लिहायचं, दुसऱ्या गटाने ज्याचे आभार राहून गेलेत अशा माणसाला पत्र लिहून ते स्वतः नेऊन द्यायचं. पत्रवाल्यांचा आनंद एकदम उसळला पण महिन्याभरानंतर ओसरत गेला, तीन गोष्टीवाल्यांचा हळूहळू वाढला आणि सहा महिन्यांनीही टिकून होता. इथे ते 'का घडली' महत्त्वाचं आहे असं मला वाटतं, कारण तिथे परत माणसं येतात.

पत्राची गोष्ट निघालीच आहे तर. वॉर्डात डिस्चार्जच्या वेळी आभाराची कार्डं यायची, 'सर्व डॉक्टर व स्टाफचे मनःपूर्वक आभार', ती बोर्डावर लागायची, छान वाटायचं, दोन दिवसांनी त्यावर दुसरं कार्ड. पण एकदा एका बाईंनी घरी गेल्यावर पोस्टाने पत्र पाठवलं आणि ते पाठवलं आमच्या सफाईच्या मावशींना. लिहिलं होतं की तुम्ही रोज सकाळी फरशी पुसताना माझी खाट थोडी खिडकीकडे वळवायचात आणि काम झालं तरी तशीच ठेवायचात, मला दिवसभर झाड दिसायचं, तुम्ही मुद्दाम करत होतात हे मला माहीत आहे. मावशींना वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, परत वाचा. मग म्हणाल्या, तिला कळलं होतं होय. ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांच्या लॉकरमध्ये राहिलं आणि त्यानंतर नव्या लागलेल्या मावशींना त्या फिनेल किती टाकायचं ते शिकवायच्या त्याच दमात खाट कशी वळवायची तेही शिकवायला लागल्या. म्हणजे फायदा काय फक्त लिहिणाऱ्याचा होतो का? पुरवणीतले लेख वाचले तर तसंच वाटतं, माझा मूड, माझी झोप, माझं हृदय.

आणि तरीही लोक असं पत्र पाठवत नाहीत, मनात ठेवतात. का, तर संकोच. काहीतरी नाटकी वाटेल, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, मला नीट लिहिता येत नाही. २०१८ मध्ये अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी हे मोजलं, लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि आधी अंदाज विचारला की मिळणाऱ्याला कसं वाटेल, नंतर मिळणाऱ्यांना खरंच विचारलं. लिहिणारे अवघडलेपणाचा अंदाज जास्त धरत होते आणि आनंदाचा कमी. लिहिणाऱ्यांना चिंता आपल्या शब्दांची आणि मिळालेल्यांना त्याचं फारसं काही नव्हतंच, त्यांना ती आपुलकी पोचली होती.

आता जरा कडू. कृतज्ञ राहा हे वाक्य दुसऱ्याचं तोंड बंद करायला किती सर्रास वापरतात! पेशंट कण्हतोय, भेटायला आलेला नातेवाईक म्हणतो, बाजूच्या खाटेवर बघ, त्याचा तर पायच कापलाय, तू नशीबवान. ही कृतज्ञता नाही, दुसऱ्याच्या दुःखावर उभं राहून स्वतःची उंची मोजणं झालं, आणि तो पाय कापलेला पेशंट हे सगळं ऐकतोय याचं भान नसतं ते वेगळंच. घरात मार खाणाऱ्या बाईला सांगतात, डोक्यावर छप्पर आहे ना, त्यात समाधान मान. कामाच्या जागी सांगतात, नोकरी आहे ना. २०२० मध्ये कोरोनात कितीतरी देशांत लोकांनी आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या, मी खोटं बोलणार नाही, ऐकून डोळे भरून आले होते, पण मी होते तिथे त्याच काळात एकच मास्क पुन्हा पुन्हा वापरावा लागत होता आणि जास्तीचा स्टाफ मागितला की ऐकायला मिळायचं, लोक तुम्हाला एवढा मान देतायत आणि तुम्ही तक्रार करताय? दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हो. टाळ्यांबद्दल मनापासून आभार आणि मास्कबद्दल लेखी तक्रार, दोन्ही एकाच दिवशी एकाच बाईने केलं तर काही बिघडत नाही.

तसंच उपकाराचं ओझं ही वेगळी चीज आहे. मदत करणारा सारखी आठवण करून देत राहिला, परतफेडीची अपेक्षा दाखवत राहिला, की आभार वाटायचे कमी होतात आणि देणं लागतो ही भावना वाढते, हेही अभ्यासांत दिसलंय. आणि ओझ्याने झोप येत नाही, उलट उडते. ज्या पेशंटचा खर्च असा बोलून दाखवणाऱ्या नातेवाइकाने केलेला असायचा तो भेटीची वेळ जवळ आली की कसा आक्रसून जायचा ते मी पाहिलंय.

तर संपादक महोदय, टीका करून थांबत नाही, एक सूचना आहे. तुमच्या पुरवणीत 'दहा फायदे' छापण्याऐवजी एक छोटा चौकोन वाचकांना द्या, ज्यात कुणीतरी कुणाचे तरी आभार मानेल, पण अट अशी की त्या माणसाने नेमकं काय केलं ते सांगायचं, नुसतं खूप मदत केली चालणार नाही, कविता नको, पुढारी आणि साहेब लोक नकोत, आणि ज्याचे आभार आहेत त्याच्यापर्यंत तो अंक पोचवायची जबाबदारी लिहिणाऱ्याची. शब्दमर्यादा शंभर ठेवा नाहीतर लोक आत्मचरित्र लिहितील. आणि कृपा करून रोज छापू नका, आठवड्यातून एकदा पुरे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त परिचारिका